साताऱ्याहून गुहागरला कॉस्प्ले शूट: आधी तिथी बघा

पहाटे साताऱ्यातून निघायचं, दुपारी गुहागर गाठायचं, सूर्यास्ताला कॉस्प्लेचे, म्हणजे समुद्री योद्ध्याचा वेश करून, फोटो काढायचे आणि रात्रीच परत फिरायचं, असा तुम्हा तिघींचा बेत आहे. फोमचं चिलखत, कमरेपर्यंतचा रुपेरी विग, मागे लांब केप, भावाचा कॅमेरा, पण फ्लॅश नाही. जानेवारीतला कुठला रविवार धरावा, असं विचारलंय. मी म्हणेन, वार नंतर बघा. आधी कालनिर्णय उघडून तिथी बघा, आणि काहीही करून एक रात्र मुक्काम करा.

तिथी का, ते सांगतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर नेमकं सूर्यास्ताला पाणी वर चढलेलं असतं आणि तुमच्या वाट्याला सुरूच्या झाडांपुढची कोरडी, पावलांनी तुडवलेली वाळू येते. प्रतिपदेला मात्र पाऊण-एकला भरती आणि सातच्या आत-बाहेर ओहोटी. सूर्य बुडताना पाणी अजून मागेच सरकत असतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणामुळे ते मागेही खूप जातं. ओली, सपाट, आरशासारखी वाळू मिळते. त्यात चिलखताचं प्रतिबिंब पडतंच, शिवाय खालून चेहऱ्यावर उजेडही येतो. फ्लॅश नसताना हा उजेड फार मोलाचा. दुसऱ्या दिवशी द्वितीयेला सकाळी सव्वासात-साडेसातला पुन्हा ओहोटी, म्हणजे सकाळही तुमचीच. हा हिशोब ढोबळ आहे, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक जरूर ताडून घ्या.

आता मुक्कामाचं कारण. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलात तर सूर्य मागे, चेहरा काळा. वर खारे वारे पाठीमागून येतात: विग तोंडावर, केप पुढे येऊन पायांत गुंडाळलेली. सकाळी सगळं उलटं होतं. सूर्य जमिनीकडून चढतो आणि सुरूच्या शेंड्यांवर आला की थेट चेहऱ्यावर पडतो. वारा असलाच तर मतलई, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, आणि हलका. केस चेहऱ्यावरून मागे जातात, केप लाटांच्या दिशेला फुगते. चिलखतावरची नक्षी, डोळे, मेकअप दिसायला हवा असेल ते सगळे फोटो सकाळी आठ-साडेआठला घ्या. संध्याकाळ सावल्यांच्या आकृत्यांसाठी ठेवा. संध्याकाळीही चेहरा हवाच असेल तर समुद्राकडे तोंड करा आणि भावाला ओल्या वाळूत उभं करा. मागे सुरूचं बन येईल, पण उजेड सोन्यासारखा मिळतो आणि वाराही समोरून येतो. सूर्य मागे ठेवून चेहरा काढायचा झाला तर एक्स्पोजर एखादा स्टॉप (म्हणजे उजेड साधारण दुप्पट) वाढवायला सांगा, कारण चमकत्या पाण्याला भुलून कॅमेरा चेहरा अंधारा करतो.

जाण्याआधी एका संध्याकाळी पूर्ण पोशाख घालून साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापाशी चढून जा. तिथल्या वाऱ्यात अर्धा तास टिकणारा विग गुहागरला टिकेल. विगच्या आत जाळी, कपाळापाशी आणि दोन्ही कानांमागे पिना. केपच्या खालच्या काठात पडद्याला लावतात तशी वजनाची पट्टी शिवून घ्या, नाहीतर ती नुसती फडफडते, फुगत नाही.

चिलखत गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. बंद गाडीच्या उष्णतेने सांधे चिकटवलेलं सोल्युशन सुटतं आणि फोम वाकडा होतो. सोबत सोल्युशनची ट्यूब, वेल्क्रो, सुई-दोरा हवाच. रंगीत लेन्स घालणार असाल तर त्या खोलीवरच, हात धुऊन घाला. वाळूच्या हाताने डोळ्याला स्पर्श नको आणि लेन्स घालून लाटेत अजिबात जायचं नाही. कॅमेऱ्याची लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. खाऱ्या तुषारांचा थर काचेवर बसला तर सुक्या फडक्याने घासू नका, किंचित ओल्या फडक्याने टिपा.

तलवार फोमचीच न्या आणि प्रवासात कापडात गुंडाळून ठेवा. नाकाबंदीत लांबून ती खरी वाटते. देवळांच्या आवारात पोशाखात जाऊ नका. लोक फोटो मागायला येतील. तिघींपैकी जिचा फोटो चालू नाही तिने त्यांच्याशी बोलावं, म्हणजे काम थांबत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गुहागरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. अंधार पडल्यावर वाळूत एलईडी लावून शूट करू नका, उजेडाने माद्या माघारी फिरतात. कुंपण घातलेली घरटी दिसली तर लांबूनच जा.

पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. भिजलेली केप आणि चिलखत घालून पडलात तर लाटेत उठता येत नाही. खडकांवर जाऊन शूट केलंत तर ओहोटी संपायच्या आधी वाळूवर परत या.

रस्ता उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाट दिवसाउजेडी उतरा. खोली घेताना अंगणात नळ आहे का ते विचारा. विग आणि केप त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घाला, चिलखत ओल्या फडक्याने पुसा. बकल आणि पिना लोखंडी असतील तर त्या आधी धुवा.