सहा संघ, पंधरा हंगाम

प्रश्न: न्यू जर्सीत मुलाकडे राहिलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल पाहण्याची गोडी लागली. काही खेळाडू केवळ किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) किंवा पंटच्या (चेंडू हातातून सोडून प्रतिस्पर्ध्याकडे दूर मारण्याच्या) वेळी मैदानात उतरतात आणि दर एक-दोन वर्षांनी त्यांचा संघ बदललेला असतो. मुलाच्या मते हे मुख्य संघात जागा न मिळालेले खेळाडू. अशा कारकिर्दीला यशस्वी म्हणता येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर: आपल्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकऑफ, पंट अशा प्रसंगी उतरणाऱ्या तुकड्यांत, धावणारे बहुतेक जण आक्रमणात किंवा बचावात पहिल्या पसंतीचे नसतात. परंतु त्यावरून हे काम उरल्यासुरल्यांचे आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील संघाला हंगामात ५३ खेळाडूच मुख्य यादीत ठेवता येतात, आणि त्यांतील शेवटच्या दहा-बारा जागा भरताना कोच सर्वांत आधी हेच पाहतात की हा खेळाडू किकऑफ आणि पंटच्या वेळी उपयोगी पडेल की नाही.

पंटचेच पाहा. लाँग स्नॅपर दोन्ही पायांमधून चेंडू सुमारे १५ यार्ड मागे फेकतो, पंटर तो उंच मारतो आणि चांगला पंट चार सेकंदांहून अधिक काळ हवेत राहतो. तेवढ्या अवधीत दोन्ही कडांना उभ्या असलेल्या गनरना चाळीसेक यार्ड धावून झेल घेणाऱ्याला गाठायचे असते, आणि अनेकदा एकेका गनरला अडवायला दोन-दोन प्रतिस्पर्धी ठेवलेले असतात. त्यांनी ढकलून सीमारेषेबाहेर काढले तरी गनरने तत्काळ आत यायचे, नाहीतर संघाला दंड होतो. गनर वेळेवर पोहोचला की समोरचा खेळाडू हात उंचावून ‘फेअर कॅच’ (पुढे न धावता नुसता झेल) मागतो आणि खेळ तिथेच थांबतो. टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणे) झालेला नसल्यामुळे गनरच्या नावावर आकडेवारीत काहीही जमा होत नाही. या कामाची खरी नोंद राहते ती चित्रीकरण पुन्हा पाहणाऱ्या कोचच्या डोक्यात, आणि पुढच्या वर्षीचा करार बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी लोरेन्झो अलेक्झांडर यांची कारकीर्द समोर ठेवीन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघातून बाहेर पडल्यावर २००५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्यांना कोणीही निवडले नाही. कॅरोलायना आणि त्यानंतर बाल्टिमोर या संघांच्या सराव पथकांत, म्हणजे सरावाला हजर पण सामन्याला बाहेर, अशा स्थितीत त्यांचे सुरुवातीचे दिवस गेले. पुढे वॉशिंग्टनच्या संघाने त्यांना घेतले. तेथे त्यांनी बचावाच्या पुढच्या फळीत, आक्रमणाच्या रांगेत, टाइट एंड (अडवणारा आणि झेलही घेणारा आक्रमक) म्हणून, नंतर वजन बरेच उतरवून लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) म्हणून, मिळेल ती जागा सांभाळली आणि स्पेशल टीम्समधील आपले स्थान कधीच सोडले नाही. त्याच कामासाठी २०१२ च्या हंगामात त्यांची प्रो बोलसाठी (लीगमधील निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवड झाली. ॲरिझोनाशी करार झाल्यावर २०१३ मध्ये तिसऱ्याच सामन्यात पायाला गंभीर दुखापत होऊन हंगाम बुडाला. २०१५ मध्ये त्या संघाने सोडल्यावर ते ओकलंडकडून खेळले, आणि २०१६ मध्ये बफेलोने त्यांना एका वर्षासाठी घेतले. तो हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांनी वयाची ३३ वर्षे पूर्ण केली होती.

त्या एका हंगामात त्यांनी १२.५ सॅक केले, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले (दोघांनी मिळून पाडल्यास अर्धा सॅक धरतात). आधीच्या सर्व हंगामांची बेरीज करूनही इतके सॅक त्यांच्या नावावर नव्हते! पुन्हा प्रो बोल मिळाला आणि २०१९ चा हंगाम संपेपर्यंत ते बफेलोकडूनच खेळले. या यशाला नशीब म्हणणे मला पटत नाही. इतकी वर्षे संघाच्या यादीत टिकून राहता आले म्हणून ती संधी त्यांच्यापर्यंत पोहोचली, आणि टिकून राहण्याचे साधन स्पेशल टीम्स हेच होते.

याच बफेलोच्या स्टीव्ह टास्कर यांचा उल्लेख टाळता येत नाही. १९८६ मध्ये ह्यूस्टनने त्यांना सोडले आणि नुकतेच मुख्य कोच झालेल्या मार्व्ह लीव्ही यांच्या बफेलोने लगोलग उचलले. लीव्ही स्वतः पूर्वी स्पेशल टीम्सचे कोच होते, त्यामुळे जेमतेम पावणेसहा फुटांच्या या खेळाडूचे मोल त्यांना कळले, असे मला वाटते. टास्कर सात वेळा प्रो बोलसाठी निवडले गेले आणि १९९३ च्या प्रो बोल सामन्यात सर्वोत्तम खेळाडूही ठरले.

प्रश्न: असे खेळाडू इतक्या वेळा संघ का बदलतात? — एक वाचक, पुणे

उत्तर: मुख्य कारण पैशाचे आहे. लीगमधील किमान वेतन अनुभवाच्या वर्षांनुसार वाढत जाते. म्हणजे तेच काम करणारा ज्येष्ठ खेळाडू नवख्यापेक्षा महाग पडतो, आणि प्रत्येक संघावर एकूण पगाराची मर्यादा असते. ज्येष्ठांवर गदा येऊ नये म्हणून किमान वेतनाच्या एक वर्षाच्या करारात त्यांच्या पगाराचा काही भाग या मर्यादेत न धरण्याची सवलत आहे. तिच्यामुळे नोकरी टिकते, पण ती वर्षा-वर्षाचीच राहते. शिवाय कोच बदलला की नव्या कोचच्या विश्वासातली माणसे येतात.

नियमांचाही फटका बसतो. २०११ मध्ये किकऑफची जागा ३० वरून पुढे ३५ यार्डांच्या रेषेवर नेल्यावर किकचा चेंडू घेऊन उलट धावत परत आणण्याचे प्रसंग एकदम घटले आणि ते रोखणाऱ्यांचे कामही आटले. २०२४ पासून किकऑफची रचनाच बदलून दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांच्या जवळ उभे केले जातात. त्यामुळे दुरून भरधाव येऊन होणाऱ्या धडका टळतात आणि चेंडू परत आणण्याचे प्रमाणही पुन्हा वाढले आहे. या रचनेत थोड्या अंतरात समोरच्याला चुकवून टॅकल करणारा खेळाडू अधिक उपयोगी पडतो, केवळ वेगावर निवडला गेलेला तितका नाही. म्हणून यादीतल्या शेवटच्या जागांसाठी संघ आता थोड्या वेगळ्या बांध्याच्या खेळाडूंचाही विचार करतील, असा माझा अंदाज आहे.