वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर कनेक्टर कोणता घ्यावा?

प्रश्न : टीपीए3116 चिपचा तयार बोर्ड आणि 24 व्होल्ट, 5 अँपिअरचा अडॅप्टर घेऊन 4 ओहमच्या दोन स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर जोडला आहे. आवाज वाढवला की बासच्या ठोक्याला तो तुटतो आणि पॉवर जॅक गरम होतो. अडॅप्टर बदलावा का? (सातारा)

उत्तर : एवढ्यात नको. जॅक गरम होतो आहे, म्हणजे आधी संशय जॅकवरच घ्यायला हवा.

बाजारात मिळणाऱ्या गोल डीसी प्लगची बाहेरची नळी बहुतेक वेळा 5.5 मि.मी.चीच असते. फरक असतो आतल्या पिनेत, ती 2.1 किंवा 2.5 मि.मी.ची. 2.1चा प्लग 2.5च्या पिनेवर चढतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलट 2.5चा प्लग 2.1च्या पिनेवर सहज बसतो आणि आवाज कमी असेपर्यंत चालतोही. फसगत होते ती इथे. व्हर्नियरने जॅकची पिन मोजा. प्लगसाठी 2.3 मि.मी.च्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू त्याच्या भोकात घालून पाहा. ती आत गेली तर प्लग 2.5चा आहे.

आता हिशेब पाहा. दोन्ही चॅनल मिळून 100 वॅट निघाले आणि कार्यक्षमता 90 टक्के धरली, तरी बोर्ड सुमारे 111 वॅट ओढतो, म्हणजे 24 व्होल्टवर 4.6 अँपिअर. ढिल्या स्पर्शाचा रोध 0.05 ओहम जरी झाला, तरी एवढ्या प्रवाहाला त्या इवल्याशा पिनेत एक वॅटहून जास्त उष्णता तयार होते. उष्णतेने आतली स्प्रिंग सैल पडते, रोध आणखी वाढतो आणि प्लग आणखी तापतो. असे बरेच जॅक 2 ते 3 अँपिअरचेच असतात, तेव्हा माप जुळले तरी 5 अँपिअरसाठी ते तोकडे पडतात.

खात्रीसाठी बासचे गाणे मोठ्याने लावून दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा : अडॅप्टरच्या वायरच्या टोकाला आणि बोर्डावर जॅकच्या सोल्डरपाशी. फक्त बोर्डावर घसरत असेल तर दोष कनेक्टरचा. दोन्हीकडे घसरत असेल तर अडॅप्टर कमी पडतो आहे. कुठेच घसरत नसेल तर चिप तापून स्वतःला बंद करून घेत असावी, तेव्हा हीटसिंक पाहा. क्षणभराचा तुटवडा साधा मीटर पकडत नाही, म्हणून गाणे चालू असताना प्लग हलकेच हलवूनही पाहा.

दोष कनेक्टरचा निघाला तर जॅक काढून तिथे 1 चौरस मि.मी.ची वायर थेट सोल्डर करा आणि दुसऱ्या टोकाला एक्सटी30 हा दोन पिनांचा छोटा पॉवर कनेक्टर लावा. त्याला 15 अँपिअर सहज झेपतात आणि तो उलटा बसत नाही. भोकांचा भाग अडॅप्टरकडे ठेवा, पिनांचा बोर्डाकडे. म्हणजे सुटलेल्या वायरच्या टोकाला उघडा विद्युतप्रवाह राहत नाही. सोल्डर करताना दोन्ही भाग एकमेकांत अडकवून ठेवा, नाहीतर नायलॉन मऊ होऊन पिना तिरप्या होतात. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसणारी नळी) आधीच वायरवर ओवायला विसरू नका.

प्रश्न : एलएम3886 या अ‍ॅम्प्लिफायर चिपचे दोन बोर्ड आणि 25-0-25 व्होल्टचा 300 व्हीएचा टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) आहे. पॉवर सप्लायपासून बोर्डापर्यंत तीन वायरी न्यायच्या आहेत. तापकीर गल्लीत तीन पिनांचे पांढरे कनेक्टर दोन-तीन आकारांत मिळतात. कोणते घेऊ? (पुणे)

उत्तर : 3.96 मि.मी. अंतराचे, व्हीएच प्रकारचे. जाड वायरला ते 10 अँपिअरपर्यंत चालतात. त्यांच्यासारखेच दिसणारे एक्सएच 2.5 मि.मी. अंतराचे आणि 3 अँपिअरचे असतात. ते सिग्नलला ठीक, इथे नकोत. दुकानात पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्यांतले अंतर मोजा : जवळजवळ 8 मि.मी. भरले तर व्हीएच, 5 भरले तर एक्सएच.

खरे काम क्रिम्पिंगचे, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवण्याचे आहे. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी फक्त तांब्यावर, मागची फक्त इन्सुलेशनवर दाबली गेली पाहिजे. पकडीने चेपून वर सोल्डर ओतण्याची सवय सोडा. सोल्डर वर चढून स्प्रिंगच्या भागात गेले की तिची लवचिकता जाते. क्रिम्प केल्यावर वायर जोरात ओढून पाहा.

कनेक्टर उलटा बसत नाही, पण दोन विक्रेत्यांच्या बोर्डांवर अधिक, शून्य, उणे हा क्रम वेगळा असू शकतो. म्हणून बोर्ड न जोडता, 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब 230 व्होल्टच्या वायरीत सिरीजमध्ये ठेवून सप्लाय चालू करा आणि प्रत्येक पिन मोजा. शून्यापासून दोन्हीकडे 35 ते 38 व्होल्ट मिळायला हवेत. अधिक-उणे उलटे गेले तर चिप गेलीच म्हणून समजा.

230 व्होल्टच्या बाजूला फ्यूज आणि स्विच असलेला सी14 इनलेट (कॉम्प्युटरच्या मागे असतो तसा तीन पिनांचा सॉकेट) घ्या. त्याच्या मागे फ्यूज आणि स्विचच्या पट्ट्या बऱ्याचदा स्वतंत्र असतात, त्या आपणच वायरीने जोडायच्या. फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून. अर्थिंगची वायर रंग खरवडलेल्या जागी रिंग लगने चासिसला घट्ट आवळा. फ्यूज 2.5 अँपिअरचा टाइम डिले घ्या, कारण टोरॉइड चालू होताना मोठा झटका ओढतो आणि साधा फ्यूज उगाच उडतो.

प्रश्न : हाच सप्लाय वेगळ्या डब्यात ठेवून एक्सएलआर केबलने जोडला तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : तीन पिनी एक्सएलआर मुळीच नको, कधीतरी त्यात माइक जोडला जाईल. स्पीकॉन स्पीकरसाठीच राहू द्या. चार पिनी जीएक्स16 हा गोल, आट्यांचा कनेक्टर घ्या, साधारण 5 अँपिअरचा, आणि शून्यासाठी दोन पिना वापरा. मात्र त्याच्या पॅनेलवरच्या भागात उघड्या पिना असतात. तो सप्लायच्या डब्यावर बसवला तर तिथे 70 व्होल्ट उघडे राहतील. म्हणून सप्लायच्या डब्यातून केबल ग्लँड लावून पक्की वायर बाहेर काढा, तिच्या टोकाला भोकांचा प्लग लावा आणि पिनांचा भाग 16 मि.मी.चे भोक पाडून अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर बसवा.