दाजीपूरला ‘इंडियन बायसन’ पाहिला. बायसन गाईच्या जवळचा की म्हशीच्या?

गाईच्या. अमेरिकेत बायसनला सर्रास ‘बफेलो’ म्हणतात, पण म्हैस ‘ब्युबॅलस’ या वेगळ्याच प्रजातीत येते. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये बायसनला गाईसोबत ‘बॉस’ या प्रजातीतच ठेवलं होतं, ‘बायसन’ ही वेगळी प्रजाती नंतरची. मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, वर्गात वशिंडावरून सुरुवात करतो. इगतपुरीकडच्या डांगी बैलाचं वशिंड हाताने दाबलं तर हलतं, कारण ते मांसाचं. बायसनच्या खांद्यावरचा उंचवटा मात्र मणक्यांच्या लांबलचक काट्यांवर उभा असतो. दिसायला एवढा फरक, तरी गुणसूत्रं दोघांचीही ६०, आणि संकरही होतो (पहिल्या पिढीतले नर मात्र बहुतेक वेळा प्रजननक्षम नसतात). जनुकं तपासली तर बायसनचा सगळ्यात जवळचा नातलग निघतो याक, आणि याक तर ‘बॉस’मधलाच! म्हणूनच बरेच अभ्यासक बायसनला आता पुन्हा ‘बॉस’मध्ये घालतात, आणि मला तेच पटतं.

फक्त एक, तुम्ही पाहिलात तो गवा. तो ‘बॉस गॉरस’, म्हणजे गाईचाच भाऊबंद, पण बायसन नव्हे. खरे बायसन आज दोनच: एक अमेरिकेतला, एक युरोपातला.