लकव्यानंतर बाबांना नाकातून नळी लावून घरी आणलंय. ती चार बोटं बाहेर सरकली. आत ढकलू का? जेवण कसं देऊ?

नाही, घरी अजिबात ढकलू नका. लकव्यात खोकण्याची ताकदही कमी होते, त्यामुळे नळीचं टोक श्वासनलिकेकडे गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. त्यातून पेज दिली तर ती थेट फुप्फुसात. आहे तिथेच चिकटपट्टीनं धरून ठेवा, नळीतून पाणीसुद्धा देऊ नका आणि आजच दवाखान्यात न्या. आरोग्य केंद्रात सिस्टर नळी बसवतात का, ते आशाताईंना फोन करून विचारा. नसेल तर सरळ तालुक्याला. इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

नवी नळी बसली की नाकपुडीजवळ पेनानं खूण करून घ्या. दर वेळी ती जागेवर दिसली तरच जेवण.

खाटेवर आडवं ठेवून कधीच भरवू नका. पाठीशी लोड लावून अर्धवट बसवा, नंतरही तासभर तसंच. सिरिंजचा दट्ट्या काढून साधारण २०० मिली हळूहळू आपोआप उतरू द्या. नेमकं प्रमाण डॉक्टर सांगतील. आधी आणि नंतर २०-३० मिली पाणी. तुरीच्या वरणाचं पाणी, ज्वारीची आंबील चालेल, पण गाळून, नाहीतर नळी तुंबते. नुसत्या पाणचट वरणावर मात्र माणूस खंगतो, दूध-अंड्याचंही विचारा. गोळ्या कुटण्याआधी विचारायलाच हवं, काही कुटून चालत नाहीत.

तोंडातून खात नसले तरी दात-जीभ रोज पुसा.

देताना खोकला, धाप किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच थांबवा आणि १०८ लावा.