लेखानुदान, विनियोजन आणि आपला विनियोग

चोपड्याचे एक वाचक विचारतात: ‘लेखानुदान मंजूर झालं, असं बातम्यांत सांगतात. ठिबकच्या अनुदानासारखं तेही शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतं का? आणि विनियोजन विधेयक ही काय भानगड?’

नाही, जमा होत नाही. हा घोळ ऐकून कान किटले. आपल्याकडे ‘अनुदान उनं (आलं) का?’ म्हटलं की ठिबक, नाहीतर विहीर. सभागृहात मात्र मागणारं सरकार असतं आणि देणारी लोकसभा, राज्यात विधानसभा. म्हणूनच ‘अनुदानाच्या मागण्या’. वर्षाचा खर्च पुरता मंजूर व्हायच्या आत काही महिन्यांसाठी सरकारने घेतलेली उचल, ती लेखानुदान. राज्यघटनेचा अनुच्छेद ११६, राज्यांसाठी २०६. झालं.

खरी गोडी विनियोजनात आहे. शुद्धलेखनाचा झेंडा मिरवणारे काही पंडित ठणकावतात की ‘वि’ म्हणजे विशेष, म्हणून हे ‘विशेष नियोजन’. मग बसवा नियोजन आयोग! अहो, नियोजन तर मागण्या सभागृहात येण्याआधीच उरकलेलं असतं. विनियोजन म्हणजे विनियोगच. मुंज झालेल्यांनी संध्या आठवावी: ‘प्राणायामे विनियोगः’. अमुक मंत्र अमुक कर्माला लावायचा, ही नेमणूक म्हणजे विनियोग. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर ‘विनियोगविधी’ हा विधीचा एक स्वतंत्र प्रकारच मानला. आता अनुच्छेद ११४ वाचा. मागण्यांवर मतदान झालं तरी विनियोजनाचा कायदा होईपर्यंत एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, रुपया निघत नाही, आणि निघाला की ज्या मागणीखाली मंजूर झाला तिथेच लागायचा. पाटबंधाऱ्याचा मंत्र पोलिसांच्या होमात चालत नाही! कमी पडलं तर पुरवणी मागणी आणा. मंजुरीपेक्षा जास्त उडवलं तर सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती जाब विचारते.

विनियोजनाला इंग्रजीत जे ‘अप्रोप्रिएशन’ म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘प्रोप्रिअस’, म्हणजे स्वतःचं. त्याला आपलंसं करून घेण्याचा वास येतो. आपल्या शब्दात नेमून देणं आहे, आणि कायदा नेमकं तेच करतो. हिंदीवाल्यांनी शहाणपणाने ‘विनियोग विधेयक’ ठेवलं. मराठीत विनियोजन झालं. धातू तोच, युज् म्हणजे जोडणं. व्याकरणात खोट नाही. पण कानाला ‘नियोजन’ तेवढं ऐकू येतं आणि पंडितांचं फावतं. मी विनियोगच लिहितो. राजपत्रात काय छापायचं ते सरकार बघून घेईल.