गोणीतला युरिया गाडीत टाकू नका

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं डीईएफचीच (डिझेल गाडीचा धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) आहेत म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. ड्रायव्हर मंडळी याला युरिया म्हणतात, शोरूमवाले अ‍ॅडब्लू म्हणतात, पंपावर डीईएफ लिहिलेलं असतं, वस्तू एकच. निळ्या झाकणाच्या टाकीत जातं ते.

प्रश्न : दादा नमस्कार, माझे दोन बीएस सिक्स ट्रक आहेत, द्राक्षं नि कांदा जेएनपीटी बंदराला नेतो. आमच्या इथला एकजण खताच्या युरियाची गोणी आणतो, आरओचं पाणी घालून ड्रममधे घरीच डीईएफ बनवतो. चार महिने झाले गाडी मस्त चालू आहे, चेक लाईटसुद्धा नाही. ड्रायव्हर रोज मागे लागलाय की आपणपण करू. शेवटी युरिया तो युरियाच ना? – एक ट्रकमालक, पिंपळगाव बसवंत

भाऊ, नका करू. आणि "चार महिने झाले, लाईट नाही" हे जे तुम्ही लिहिलंय ना, त्याच्यावरच सगळे फसतात, म्हणून आधी तेच सांगतो. टाकीतला क्वालिटी सेन्सर फक्त पाण्यात युरिया किती टक्के आहे ते बघतो. साडेबत्तीस टक्क्याच्या आसपास असला की तो खूश. त्या पाण्यात चुना आहे का, तेल आहे का, लोखंड आहे का, यातलं काहीच त्याला कळत नाही. म्हणजे प्रमाण बरोबर जमवलं की घाण मालसुद्धा पास होतो, गाडी पळत राहते आणि तिकडे सायलेन्सरच्या आत कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर साफ करणारी जाळी, हळूहळू मरत असतो. लाईट लागते तेव्हा बहुतेक वेळ गेलेली असते.

आता नक्की काय होतं ते बघा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षार काढलेलं पाणी, आयएसओ २२२४१ हे त्याचं स्टँडर्ड. डोझर नावाचा नोझल ते गरम धुरात फवारतो, त्याचा अमोनिया होतो, अमोनिया कॅटॅलिस्टवर नॉक्सला (धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूंना) भिडतो आणि बाहेर नायट्रोजन नि पाण्याची वाफ पडते. बीएस फोरच्या ट्रकला नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्सला ती ०.४ झाली, एवढी मोठी उडी मोठ्या गाड्यांमधे ह्या फवाऱ्याच्या जोरावर आहे. हा स्टँडर्डचा माल किती स्वच्छ लागतो तर एका किलोत कॅल्शियम अर्धा मिलिग्रॅमच्या वर नको, लोखंड तेवढंच, तांबं ०.२ मिलिग्रॅम. तुमच्या आरओचा टीडीएस, म्हणजे लिटरमधे विरघळलेले क्षार, ५० मिलिग्रॅम जरी असला, ते सगळं कॅल्शियम नसतं मान्य, पण तरी तुम्ही मर्यादेच्या किती पुढे गेलात बघा. बोअरच्या पाण्याचं तर बोलायलाच नको, आपल्याकडे चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो तोच थर तिथे जाळीवर बसतो.

आणि खताचा युरिया. २०१५ पासून आपल्याकडे सगळ्या खताच्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं. मी गॅरेजमधे पोरांना दाखवायला एकदा काचेच्या ग्लासात दोन चमचे विरघळवला होता. युरिया विरघळताना ग्लास एकदम गार पडतो, बाहेरून पाणी सुटतं, पोरांना गंमत वाटली. मग थोडं थांबलो तर वर तेलाची पातळ तवंगासारखी साय, रंग किंचित पिवळट, तळाला बारीक गाळ, आणि वास सरळ निंबोळीचा. शेजारच्या ग्लासात सीलबंद कॅनमधला डीईएफ होता तो अगदी पाण्यासारखा, पारदर्शक. पोरं काही बोलली नाहीत, पण तेव्हापासून आमच्याकडे कोणी ड्रमचा विषय काढलेला नाही.

ते तेल फडक्यातून गाळून जात नाही हेही सांगतो, कारण लोक गाळतात. शिवाय बाययुरेट म्हणून एक गोष्ट असते, खताच्या युरियात ती दीड टक्क्यापर्यंत चालते, पिकाला तेवढ्याने फार फरक पडत नाही. पाण्यात पातळ केल्यावरही ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते, आणि डीईएफमधे ०.३ च्या वर चालत नाही. ती नीट जळत नाही, पाईपात पांढऱ्या दगडासारखी साठते. असा चोक झालेला डोझर मी छिन्नीने खरवडलाय, खडूसारखे तुकडे पडतात.

पैशाचं पण बोलू कारण खरं कारण तेच आहे, आणि मी तुम्हाला नावं ठेवत नाहीये, भाडं किती सुटतं ते मला माहितीय. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, त्यात कागदावर सव्वाशे लिटर बनतं, म्हणजे लिटरला दोन-सव्वादोन रुपये, मोह होणारच. पण हिशोब फेरीवर मांडा. जाऊन येऊन चारशे किलोमीटर धरलं, चारचं अ‍ॅव्हरेज, शंभर लिटर डिझेल. डीईएफ डिझेलच्या तीन ते सहा टक्के जातं, पाच धरू, पाच लिटर. साठ-सत्तरचा भाव धरला तर तीनशे-साडेतीनशे रुपये, नऊ हजाराच्या डिझेलवर. हे वाचवायला तुम्ही लाखांतला कॅटॅलिस्ट पणाला लावताय, आणि टाकीत भलतं काही सापडलं तर वॉरंटीवाले हात वर करतात, त्यांचं चुकतही नाही.

अजून एक. ती गोणी सबसिडीची आहे. खत नियंत्रण आदेशाखाली ती शेतीशिवाय दुसरीकडे वापरणं गुन्हा आहे, पकडले गेलात तर गाडीपेक्षा मोठी भानगड. आणि खरीपात त्याच युरियासाठी आपलीच माणसं दुकानापुढे रांगेत उभी असतात हो भाऊ, तुमच्या घरातलीपण असतील.

प्रश्न : आमच्याकडे डिझेल एसयूव्ही आहे, ऑफिस आणि मुलांची शाळा एवढंच रोजचं फिरणं. स्क्रीनवर डीईएफ कमी असल्याचा मेसेज आलाय. सर्व्हिसिंगपर्यंत थांबलं तर चालेल का? मागच्या वर्षी घेतलेला एक कॅन डिकीत पडून आहे, तो टाकू का? – एक वाचक, गंगापूर रोड

ताई, थांबू नका, मेसेजमधे किलोमीटर दिलेत ते खरे समजा. चालत्या गाडीत डीईएफ संपलं म्हणून इंजिन बंद पडत नाही, पण एकदा बंद केलं की परत स्टार्ट होत नाही, आणि ते नेमकं शाळेसमोर होणार. (ट्रकला आधी पॉवर कापली जाते, मग गाडी रांगायला लागते.) एसयूव्हीला साधारण हजार किलोमीटरला एक-दीड लिटर जातं. स्वतः भरता येतं, फक्त दोन-तीन लिटर टाकून मेसेज गेला नाही तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांना ठराविक किमान माल लागतो आणि थोडं चालवावं लागतं.

डिकीतला कॅन मात्र राहू द्या. डीईएफ २५ अंशात दीड वर्ष टिकतं, ३० अंशात वर्षभर, ३५ ला सहाच महिने. आपल्याकडे एप्रिल-मेमधे चाळीशी गाठते आणि बंद डिकीत त्याहून जास्त, म्हणजे वर्ष काढलेला कॅन गेलेला समजा. म्हणूनच नवीन घेतानापण मॅन्युफॅक्चरिंगची तारीख बघा, हायवेला दुकानाबाहेर उन्हात मांडलेल्या बादल्या घेऊ नका, आयएसओ २२२४१ छापलेलं आणि सील शाबूत असलेलं घ्या. पंपावर डीईएफचं मशीन असेल तर ते बहुतेक वेळा सगळ्यात ताजं कारण तिथे माल पडून राहत नाही.

आणि एक सुचवतो, आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, इगतपुरीपर्यंत जाऊन या. रोजच्या दोन-तीन किलोमीटरमधे सायलेन्सर नीट तापतच नाही, युरियाचा अमोनिया व्हायला दोनशे अंशांच्या जवळपास उष्णता लागते, नाहीतर चांगला मालसुद्धा आत गोठून बसतो.

प्रश्न : पंपावरच्या मुलाने डिझेलच्या टाकीत डीईएफ टाकलं, साधारण दोन लिटर. गाडी अजून चालू केलेली नाही. दोनच लिटर आहे, डिझेल फुल करून चालेल का? – एक वाचक, सिन्नर

चालू केली नाहीत, फार चांगलं केलंत. आता चावीसुद्धा फिरवू नका कारण बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की पंप लगेच डिझेल ओढतो. टो करून न्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून धुवायला सांगा. डिझेल फुल करून उपयोग नाही, डीईएफ डिझेलपेक्षा जड असतं, ते तळाला जाऊन बसतं आणि आधी तेच ओढलं जातं, मग हायप्रेशर पंप नि इंजेक्टर दोन्ही गंजतात.

ही चूक का होते तर डीईएफचा नोझल बारीक, १९ मिलिमीटरचा, तो डिझेलच्या तोंडात आरामात जातो.

उलटं, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल, मात्र गॅरेजमधे आणि घरी होतं, कॅन आणि नरसाळ्याने. माझ्या स्वतःच्या हातून झालंय. संध्याकाळची घाई, पोराला म्हटलं नरसाळं दे, त्याने डिझेलवालं दिलं, मी न बघता लावलं. पाच मिनिटांनी टॉर्च मारली तर टाकीत इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगताना दिसले. ओघळभर डिझेल असेल, जास्त नाही. तरी टाकी उतरवली, लाईन, फिल्टर सगळं काढून धुतलं, कारण त्या सिस्टीममधली रबरं तेलाने फुगतात. गिऱ्हाईकाला खरं सांगितलं नि खर्च मी भरला. आता आमच्याकडे डीईएफचं नरसाळं वेगळं, निळ्या रंगाचं, झाकणाच्या डब्यात, त्याला दुसरं कोणी हात लावत नाही. पत्र्याचं किंवा पितळी भांडं पण नको, डीईएफ त्यांना खातं. प्लॅस्टिक नाहीतर स्टेनलेस स्टील.

प्रश्न : थंडीत निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो, डीईएफ गोठेल का? – एक वाचक, निफाड

नाही गोठत. उणे ११ अंशांना गोठतं, आणि म्हणूनच प्रमाण साडेबत्तीस ठेवलंय, त्याहून घट्ट किंवा पातळ केलं तर उलट लवकर गोठतं. बिनधास्त राहा.

प्रश्न : एकजण पंधरा हजारात छोटा डबा बसवून देतो म्हणतोय, मग डीईएफ टाकायचीच गरज नाही. बसवू का? – एक ड्रायव्हर, आडगाव नाका

दादा, तो डबा इंजिनच्या कॉम्प्युटरला खोटं सांगतो की फवारा चालू आहे, बाकी काही नाही. नॉक्स सगळा तसाच बाहेर. द्वारका चौकात सकाळी तुम्हीच त्या धुरात अर्धा तास उभे असता. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि पुढेमागे डोझर वापराविना जाम झाला की तोपण तुमच्याच गळ्यात.

तुमची गाडी वारंवार डोझरचा एरर देते असंही लिहिलंय, त्याचं मला दुसरंच कारण वाटतं. गाडी बंद केल्या केल्या तुम्ही बॅटरीचा मेन स्विच काढता का? इंजिन बंद झाल्यावर पाठीमागून दीड-दोन मिनिटं घर्रर्र आवाज येत असतो, तो पंप लाईनमधलं डीईएफ टाकीत परत ओढत असतो. मधेच करंट तोडला तर ते लाईनमधे नि डोझरमधे राहतं, वाळतं, पांढरे खडे होतात. पुढचे पंधरा दिवस दरवेळी गाडी बंद केली की आवाज थांबेपर्यंत वाट बघा, मग स्विच काढा, आणि डोझर काढून कोमट पाण्यात भिजवून घ्या. तरी एरर आला तर परत लिहा, कोणता कोड येतोय तेवढं स्कॅनरवरून उतरवून पाठवा.