पत्रिकेत आत्तीच्या नावाआधी ‘कु.’ की ‘श्रीमती’?

शाहूपुरीतल्या एका दादांनी विचारलंय, पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून ६२ वर्षांच्या आत्तीचं नाव आहे, तिनं लग्न केलेलं नाही, प्रूफात ‘कु.’ आलंय आणि घरचे म्हणतात श्रीमती नको, ते विधवेला लावतात.

आधी हे डोक्यातनं काढा. श्रीमती म्हणजे श्री असलेली, बास, त्यात नवऱ्याचा संबंधच नाही. रोज कुठंतरी हे ऐकतो आणि रोज डोकं फिरतं. आणि ‘कु.’? ललिता पंचमीला टेंबलाईवर कोहळा फोडते ती कुमारिका, पेन्शन घेणारी बाई नव्हे. घोडनवरीतला ‘घोड’ तर घोडचुकीतलाच, प्रमाणाबाहेर मोठा, तो शब्द सोडाच.

पण खरा शब्द ऋग्वेदात आहे बघा, अमाजू! अमा म्हणजे घरी, सोबत, आणि जू म्हणजे वय होत जाणारी. आईबापाच्या घरातच वय झालेली. हाच अमा अमावास्येत आहे, सूर्य-चंद्र एकत्र राहतात ती रात्र. ‘अ-मा म्हणजे चंद्र नाही’ असं सांगणाऱ्या विद्वानांनी मग ‘वास्या’चं काय केलं ते एकदा सांगावं. आणि अमात्य, तोही अमावरनंच, म्हणजे राजाच्या घरचा माणूस. म्हणजे गगनबावड्याचे पंत अमात्य आणि तुमची आत्ती, दोघांचं मूळ एकच!

दुसऱ्या मंडलात कवी इंद्राला म्हणतो, आईबापाजवळ राहणाऱ्या अमाजूसारखा मी तुझ्याकडं ‘भग’ मागतो. भग म्हणजे नशीब आणि बाईचं नशीब म्हणजे नवरा, असा अर्थ लावणारे आहेत, मला तो मुळीच मान्य नाही. भग आणि भाग दोन्ही भज् धातूचे, भज् म्हणजे वाटणं. ती वाटा मागते हो, नवरा नाही! १९९४ ला महाराष्ट्रानं वारसा कायदा बदलला तेव्हा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क तोवर लग्न न झालेल्या लेकींनाच मिळाला, लग्न झालेल्यांना २००५ उजाडावं लागलं. माझ्या थोरल्या मावशीचं सातबाऱ्यावर नाव लागलं, तो उतारा तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवलेला, कोण आलं की काढून दाखवायची. तिच्या आत्तीला गाव घोडनवरी म्हणायचं, मावशीला शाळेच्या बाई म्हणून ओळखायचं, आणि आता आमची लेक बिनदिक्कत सांगते, मी सिंगल आहे.

हां, पत्रिका. ‘श्रीमती’च करा, आणि प्रूफ आत्तीला दाखवूनच छापायला द्या.